सहा पॉइंट

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेड नंबर तेवीस,
चार रंगांच्या मशिनपुढं मी सतरा वर्षं उभा आहे.
साबण, उदबत्ती, भडंग, हळद, गुडघ्याचं तेल,
सगळ्यांची तोंडं मी रंगवली.
चित्र कुणाचं, ते कधी छापून आलं नाही,
मीही विचारलं नाही.

यंदा बेदाणेवाल्या उगारे शेठच्या मनात आलं :
पेटीवर नवीन पोरांची चित्रं टाकू,
खाली नाव पण देऊ.
नाव सहा पॉइंटात,
लायसन नंबरच्या पायाशी.

पहिली आली निलोफर मुजावर, मुक्काम सावळज,
सांगलीत चित्रकलेचं शेवटचं वर्ष.
चित्रात हिरव्या जाळीची शेड, बायांची रांग,
आणि पुढं, जवळजवळ पेटीएवढा,
बेदाणा निवडणारा एक हात.
"आईचा," म्हणाली, मी विचारलं नसताना.

प्रूफ बघून मान हलवली. "हा हिरवा नाही."
म्हटलं, बाई, चारच शाया माझ्याकडं,
निळी, राणी, पिवळी, काळी,
त्यातच सगळं जग बसवतो.
तिनं पिशवीतून मूठभर बेदाणा काढला,
ओल्या छपाईवर ठेवला.
मी पिवळी वाढवली, निळी जरा मारली.
चौथ्या शीटला दाणा कुठला नि कागद कुठला
बोट फिरवून बघावं लागलं.
मग तो बेदाणा दोघांनी खाल्ला.
शाईचा वास येत होता.

अडलं ते बारकोडवर.
शेठच्या भाच्यानं कॉम्प्युटरवर
पांढरा चौकोन आणून बसवला नेमका हातावर.
तीन बोटं गेली, अंगठा अर्धा.
"सरकवा की."
"कुठं सरकवू? इकडं वजन, तिकडं साखर किती, प्रोटीन किती."
ती भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"खडा अंगठ्यालाच कळतो वो."

भाचा चहाला गेला तेव्हा
प्लेट काढणाऱ्या बाबगोंडाला धरून
मी तो चौकोन चार मिलिमीटर डावीकडं ढकलला.
अंगठा सुटला.
बोटांचं काही करता आलं नाही.
पन्नास हजार पेट्या गेल्या,
एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दिवाळी झाली. पेट्या कुठं कुठं पोचल्या असतील,
सुरतेला, रुखवतात, रद्दीत.
मला काय. मी पुढचा साबण लावला.

होळीच्या आधी मेव्हण्याचं पित्ताशय काढलं, मिरजेत.
शेजारच्या खाटेवर आटपाडीकडची पोरगी,
पाय प्लास्टरात, वर टांगलेला,
उशाशी आमची पेटी.
आत गोळ्या, केसाच्या क्लिपा, अर्धं बिस्किट.
उचलून बघितली, सवयीनं,
रंग सरकलाय का म्हणून.

बारकोडच्या काळ्या रेघांवर
निळ्या बॉलपेननं
तिनं उरलेली बोटं काढली होती.
नखांसकट. एका बोटात अंगठी.

"कुणी सांगितलं गं काढायला?"
"कुणी कशाला सांगाय पाहिजे? हात तुटका हुता."

जिन्यात येऊन निलोफरला फोन लावला.
मागं घरघर, बहुतेक निवडणीचा पट्टा,
सुट्टीला आईबरोबर जाते ती.
सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसता पट्टाच ऐकू आला.
मग, "किती बोटं झाली?"

मी मोजली नव्हती.
परत वर गेलो, मोजून आलो.
"अंगठा धरून सहा."
ती हसली का नाक ओढलं, कळलं नाही.

"असू द्यात," म्हणाली,
"सीझनला आईला तेवढी बी कमीच पडत्यात."